कॅमेरा बाहेर काढण्याआधी

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा प्रस्ताव वाचला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांत जाऊन, असाध्य आजारातल्या माणसांची घरची मंडळी कशी काळजी घेतात ते चित्रित करणार आहेस. विषय मोलाचा आहे. पण ‘प्रत्येक घरी दोन तास चित्रीकरण’ हे वाक्य खोड. कॅमेरा किती वेळ चालायचा ते त्या घराला ठरवू दे.

चित्रीकरणातून अभ्यास करायच्या या पद्धतीचं खरं बळ चित्रीकरणानंतर एकत्र बसून बघण्यात आहे. ऑस्ट्रेलियात रिक ईडेमा आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर-नर्सना त्यांच्याच कामाची दृश्यं दाखवली, अर्थ त्यांनाच लावू दिला. आयलीन कॉलियर यांनी हीच पद्धत अखेरच्या आजारातल्या रुग्णांसोबत वापरली.

आपल्याकडे काय दिसेल? मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी सून मधेच उठते, सासऱ्यांची कूस बदलते, पाठ पुसते, परत पानं हातात घेते. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे प्रत्येक उठण्याची किंमत तिच्या मजुरीतून जाते. मुलाखतीत विचारलंस तर म्हणेल, ‘‘मी काय विशेष करते?’’ तीच क्लिप तिच्यासोबत बघ. कण्हण्याआधीच त्यांना दुखतंय हे कशावरून ओळखते, ते ती स्वतः सांगेल. आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर पहिला प्रेक्षक तोच. आपलं उघडं अंग, आपला विव्हळणारा चेहरा कोणी पाहावा, हे सांगायचा हक्क त्याचा आहे.

संमतिपत्र तेलुगू आणि कन्नडमध्येही कर, मोठ्याने वाचून दाखव. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतला संमतीचा भाग नीट वाच. सही झाली तरी दर भेटीला पुन्हा विचारायचं. आज ‘हो’ म्हणणारा माणूस पुढच्या आठवड्यात बोलू शकेलच असं नाही, म्हणून त्याच्यानंतर चित्रफितीचं काय करायचं, हे त्याच्याच तोंडून आधी ऐकून घे. घरच्यांना शेवटचा आवाज जपायचा असेल, किंवा सगळं पुसून टाकायचं असेल. दोन्हीची सोय ठेव.

शेजारी यंत्रमाग चालू असेल तर बोलणं ऐकू येणार नाही. कॉलरला लावायचा माइक घे.

सुधारलेला मसुदा घेऊन ये. संमतिपत्राची तेलुगू प्रत तिथल्या एखाद्या आशाताईंकडून वाचून घेऊ, मग संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे पाठव.

तुझी,
ताई