सामील आणि विलीन, घोळ तोच

ऑगस्ट-सप्टेंबर आला की संस्थानांविषयीची पत्रं वाढतात. माझी नोकरी दप्तरखान्यात जुने रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, सोडण्या-बांधण्यात गेली, म्हणून हा गृहस्थ सगळं तोंडपाठ सांगेल असा लोकांचा समज आहे. तसं नाही, मीही कागद बघूनच बोलतो. पण या खेपेच्या पत्रांतही मुळातला घोळ तोच आहे, म्हणून निवडक पत्रांना इथेच उत्तरं देतो.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर 'दि. १५ ऑगस्ट १९४७ रोजी फलटण संस्थान भारतात विलीन झाले' असा फलक लावायचा आहे. मजकूर बरोबर आहे ना? (शिक्षक, फलटण तालुका)

नाही. रंगारी आला असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

'सामील' आणि 'विलीन' हे दोन वेगळे शब्द आहेत, कारण ती दोन वेगळी कामं होती आणि त्यांचे कागदही वेगळे. सामीलनाम्यावर सही करून संस्थानिकाने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढे तीनच विषय दिल्लीच्या हवाली केले. बाकी सगळं त्याच्याकडेच राहिलं. दरबार त्याचा, दिवाण त्याचा, कोर्ट त्याचं, वेशीवरचा जकात नाका त्याचा. १५ ऑगस्टच्या सकाळी दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा फलटणच्या माणसाचा खटला फलटणच्याच कोर्टात चालू होता. सरदार पटेल आणि त्यांचे सचिव व्ही. पी. मेनन यांचं संस्थान खातं सुरू झालं ५ जुलै १९४७ ला. हातात जेमतेम चाळीस दिवस. तेवढ्यात पाचशेहून अधिक संस्थानिकांचा सगळा कारभार काढून घेणं शक्यच नव्हतं, म्हणून आधी तीन विषयांवर सह्या घेतल्या. हैदराबाद, काश्मीर आणि जुनागढ सोडले तर त्या बहुतेक वेळेत झाल्या.

विलीनीकरण पुढचं. त्या करारात संस्थानिकाने राज्य चालवण्याचा अधिकारच सोडला आणि बदल्यात तनखा, म्हणजे सरकारकडून दरवर्षी ठरलेली रक्कम, घेतला. फलटण, औंध, भोर, जत, सांगली, मिरज या दक्षिणी संस्थानांचा कारभार मुंबई प्रांताकडे गेला तो ८ मार्च १९४८ ला. कोल्हापूर वर्षभर थांबलं, १ मार्च १९४९ ला आलं. बडोदा त्याच वर्षीच्या १ मे रोजी.

हे का करावं लागलं, ते नकाशाच सांगतो. सांगली संस्थानाचे तालुके बघा : मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, शहापूर, तेरदाळ, शिरहट्टी. मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात, शहापूर बेळगावला चिकटलेलं, शिरहट्टी पार गदगकडे. मधे दुसऱ्यांची गावं, इंग्रजी मुलूख, पुन्हा दुसऱ्यांची गावं. औंधचंही तेच : औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, गुणदाळ विजापूरकडे. असल्या तुकड्यांवर पाटबंधारे आणि रस्ते कुणी कसे करायचे? काही राजांनी आपापसात संघ करून पाहिला, तो टिकला नाही. औंधने तर १९३९ मध्येच राज्यघटना करून सत्ता प्रजेच्या हाती दिली होती; पण भला राजा असला म्हणून तुटका मुलूख जोडला जात नाही.

आणि विलीनीकरणही सगळीकडे एका साच्याचं नव्हे. काठेवाडातल्या दोनशेवर संस्थानांचं मिळून सौराष्ट्र झालं. ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर यांची राज्यं मध्य भारत संघात गेली. म्हैसूर कुठल्याच प्रांतात न जाता म्हैसूर म्हणूनच राहिलं. म्हणून फलकावर दोन ओळी लिहा, सामीलनाम्याची वेगळी आणि विलीनीकरणाची वेगळी. पहिल्या ओळीतली तारीख पुराभिलेख कार्यालयातून खात्री करून घ्या. मुलांच्या डोक्यात एकदा चुकीचं बसलं की पुढे तीच मुलं मला पत्रं लिहितात.

प्रश्न : साताऱ्याच्या छत्रपतींनी सामीलनाम्यावर सही कधी केली?

केली नाही. सातारचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्येच खालसा केलं होतं.

प्रश्न : गोवा हेही संस्थानच होतं ना?

नव्हे. पोर्तुगीज वसाहत, मुक्ती १९ डिसेंबर १९६१.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर आलंय की विलीनीकरणाचा करार ९९ वर्षांचा आहे, नंतर संस्थानं परत मिळणार. खरं का? (पुणे)

ज्याने पाठवलं त्याला करारातलं कलम दाखवायला सांगा. तो दाखवणार नाही, कारण करारात मुदतच नाही. घराच्या भाडेपट्ट्यावरून कुणीतरी राज्याचा हिशेब मांडलेला दिसतो. संस्थानिकांचे तनखे आणि संस्थानिक म्हणून मान्यता होती तीही १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेली. पुढे पाठवू नका, एवढंच.

प्रश्न : हैदराबादच्या निजामाने सामीलनाम्यावर सहीच केली नाही, मग मराठवाडा कायद्याने भारतात आला तरी कसा? (नांदेड)

प्रश्न चांगला आहे. निजामाने नोव्हेंबर १९४७ मध्ये केला तो 'जैसे थे' करार, सामीलनामा नव्हे. सप्टेंबर १९४८ ची लष्करी कारवाई (आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात) १३ तारखेला सुरू झाली आणि १७ ला निजामाची शरणागती आली. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना हैदराबादला मान्य असल्याचं जाहीर केलं. तरीही मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. निजामाचं नाणं, हाली सिक्का, तेही काही वर्षं बाजारात चाललं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. भाषणात वापरणार असाल तर फर्मानाचा मूळ मजकूर आधी वाचा.

प्रश्न : माळ्यावर संस्थानी शिक्क्याची मोडी सनद सापडली. एक जण म्हणतो, लिप्यंतर, लॅमिनेशन आणि 'इनामदार प्रमाणपत्र' मिळून अकरा हजार द्या, जमिनीवर दावा लागतो. (कोल्हापूर जिल्हा)

पैसे देऊ नका. लॅमिनेशन तर मुळीच करू नका; प्लास्टिकमध्ये चिकटलेला कागद पुन्हा सोडवताना फाटतो. 'इनामदार प्रमाणपत्र' नावाचं काही सरकार देत नाही. कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, जातइनामं (व्यक्तीला दिलेली इनामं) १९५२ च्या, आणि विलीन मुलखासाठी १९५५ चा वेगळा कायदा आहे. शिवाय संस्थानिकांशी झालेले करार, सनदा यांवरून उठणाऱ्या कित्येक वादांत घटनेच्या ३६३ व्या कलमाने कोर्टाचाच हात बांधलाय. तुमची सनद त्यात बसते की नाही, हे मी पत्रावरून सांगणार नाही आणि त्या अकरा हजारवाल्यानेही सांगू नये. कागद सुती कापडात गुंडाळा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात दाखवा. जमिनीचं वकिलाला विचारा, जाताना जुना सातबारा आणि फेरफार न्या.

प्रश्न : आजी ब्याण्णव वर्षांची आहे. तिचं बालपण मिरज संस्थानात गेलं. दिवाळीत सगळे जमलो की तिच्या आठवणी रेकॉर्ड करायचं ठरवतोय. काय विचारावं?

दिवाळी कशाला? या रविवारी बसा. माझ्याकडे 'पुढच्या सुट्टीत' म्हणून राहिलेल्या आजोबांची यादी आहे, ती वाढवू नका. राजा कसा होता हे आधी विचारू नका, ती ऐकीव सांगेल. थोरलं मिरज की धाकटं, ते पहिल्यांदा विचारा, कारण संस्थानं दोन होती. मग विचारा : माहेरचं गाव कुणाच्या हद्दीत, सासरचं कुणाच्या? बाजाराला जाताना जकात कुठे द्यावी लागायची, आणि तो नाका कधी उठला? तारीख आठवणार नाही. घरात तेव्हा कोण तान्हं होतं ते विचारा, वर्ष आपण काढू.