कागद-फिल्मचं पाउच जिवाणूंच्या द्रावणात किती तास बुडवायचं?

निर्जंतुक गॉझ ड्रेसिंगच्या पाउचमध्ये (एक बाजू कागदाची, दुसरी प्लास्टिक फिल्मची) जंतू शिरतात का हे तपासायला कोणता जिवाणू घ्यायचा आणि किती तास बुडवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, बुडवूच नका. कागद सच्छिद्र असतो, असावाच लागतो. नाहीतर निर्जंतुकीकरणाची वाफ आत जाणार कुठून? तो भिजला की जंतूही आत जाणार. असं पाउच नापास झालं तर दोष पाण्याचा, पास झालं तर नशीब. आयएसओ ११६०७ या निर्जंतुक वैद्यकीय वेष्टनांच्या मानकामध्येही साहित्य वेगळं आणि सील वेगळं तपासायची वाट आहे. तरी लॅबवाले बुडवायला सांगतात, कारण अहवाल जाडजूड होतो.

फिल्मचं काम सोपं. हवा आरपार जाते का ते दाखवणाऱ्या गर्ली यंत्रावर तासभर सिलिंडर हलला नाही (±१ मिमीची सूट) की विषय संपला. कागदासाठी एएसटीएम या मानक संस्थेची एफ १६०८ चाचणी: बॅसिलस ॲट्रोफियसचे बीजाणू असलेली हवा मिनिटाला २.८ लिटर या वेगाने १५ मिनिटं कागदातून ओढतात आणि पलीकडे किती पोचले ते मोजतात. म्हणजे जिवाणू मिळाला तुम्हाला! पण यातून कागदांची क्रमवारी लागते, पास-नापास ठरत नाही. हा अहवाल कागद पुरवणाऱ्याकडूनच मागा.

घात होतो तो सीलमध्ये, आणि तिथे एएसटीएमचीच एफ १९२९ ही रंगचाचणी लागते. टोल्युडिन ब्लू ०.०५ टक्के, ट्रायटन एक्स-१०० (पाण्याचा ताण कमी करणारं रसायन) ०.५ टक्के, बाकी पाणी. ट्रायटन टाळलात तर बारीक वाटेत रंग शिरतच नाही. गॉझ आधी काढा, नाहीतर रंग तेच पिऊन टाकेल. पाउच आतून कोरडं हवं. वाफेचं पाणी साचलेलं असेल तर वाट बुजते आणि खोटा पास मिळतो. सिरिंजने रंग आत सोडा, इतका की सीलच्या कडेशी साधारण ५ मिमी उभा राहील. प्रत्येक कड ५ सेकंद, आणि लगेच फिल्मच्या बाजूने भिंगातून बघा. सील आरपार कापत गेलेली तीक्ष्ण निळी रेघ म्हणजे गळती. पसरट, धूसर डाग म्हणजे कागदाने शोषलेला रंग. रेंगाळलात तर दोन्ही सारखेच दिसतात आणि चांगली पाउचं फेकली जातात.

रेघ बहुतेकदा सुरकुतीपाशी किंवा सीलमध्ये अडकलेल्या गॉझच्या धाग्यापाशी सापडते. तापमान वाढवून धागा जात नाही; उलट जास्त तापलेल्या सीलवर उघडताना कागद फाटतो आणि त्याचे तंतू ड्रेसिंगवर पडतात. भरताना धागा आवरा, सीलिंग यंत्राच्या जबड्याचं रबर पुसा.

तुलनेसाठी एका पाउचच्या सीलमध्ये ५० मायक्रॉनची तार ठेवून ती नंतर ओढून काढा. ही चाचणी तेवढी वाट पकडते. ती वाट निळी झाली नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द.

आणि तीन पाउचांवर 'सगळं ठीक' लिहू नका. ९५ टक्के खात्रीने ९५ टक्के पाउचं चांगली आहेत म्हणायचं तर ५९ तपासून एकही गळता कामा नये. तीही निर्जंतुकीकरणानंतरची, नुसती सील केलेली नव्हेत.

हे सगळं कोरड्या मालाचं. पाउचमध्ये द्रव असेल किंवा दोन्ही बाजू फिल्मच्या असतील, तर पद्धत वेगळी.