शाळा तीन मैलांवर, मग डिझेल इस्टेट कशाला?

कॉव्हेंट्रीहून आलेल्या आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये साताऱ्याहून आई-वडील सहा महिन्यांसाठी येत आहेत, दोन मुले, बाबागाडी आणि सामान जुन्या हॅचबॅकमध्ये मावत नाही, म्हणून ९२,००० मैल चाललेली २०१६ ची डिझेल ऑक्टाव्हिया इस्टेट (मागे लांब, मोठी डिकी असलेली मोटार) ७,५०० पौंडांना घ्यावी का, आणि त्यासाठी डीलरचे हप्ते पत्करावेत की पुण्यातील एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीची) ठेव मोडावी.

इस्टेटची निवड योग्य आहे. तेवढीच डिकी एसयूव्हीमध्ये हवी असेल तर बहुधा जास्त पैसे मोजावे लागतात. माझी हरकत डिझेलला आहे, आणि तीही आपल्याच आकड्यांवरून. वर्षाला ६,००० मैल, त्यांपैकी बहुतेक तीन मैलांवरची शाळा आणि रेल्वे स्थानक, असे आपण लिहिता. डिझेल लिटरला १.४५ पौंड आणि पेट्रोल १.३६ पौंड धरले, आणि डिझेल गाडीने गॅलनला ५५ मैल व तशाच पेट्रोल इस्टेटने ४२ मैल दिले, तर वर्षाचे इंधन अनुक्रमे सुमारे ७१९ आणि ८८३ पौंडांचे होते, म्हणजे बचत १६४ पौंडांची. परंतु थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत डिझेलचे ५५ चे ४५ झाले, तर तिचाही खर्च ८७९ पौंडांवर जातो आणि बचत संपते. (पेट्रोलचे ४२ ही थोडे घसरतील, हे मान्य.) डिझेल म्हणजे स्वस्त, हा आपल्या वडिलांचा आग्रह भारतातील अनुभवावर उभा आहे. तिथे डिझेलवरील कर वर्षानुवर्षे पेट्रोलपेक्षा कमी राहिला. ब्रिटनमध्ये मात्र दोन्हींवर लिटरमागे सारखेच इंधन शुल्क आहे आणि पंपावर डिझेलच बहुधा महाग असते.

खरा धोका काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा आहे. त्यात साठलेली काजळी जळून जाण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाने धावावी लागते. शाळेच्या फेरीत ही क्रिया सुरू होते आणि इंजिन बंद केले की अर्धवट राहते. असे वारंवार झाले की फिल्टर तुंबतो, शिवाय जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून त्याची पातळी वाढते. नव्या फिल्टरचा खर्च हजार पौंडांच्या पुढे सहज जातो, म्हणजे कागदावरची सहा वर्षांची बचत एका दुरुस्तीत गेली. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मुळात फिल्टर असलेल्या गाडीत तो सापडला नाही, तर ती एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत, नापास होते.

डीलरने दाखवलेली दुसरी, दोन हजारांनी स्वस्त २०१४ ची गाडी यूरो ५, म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची आहे, म्हणून तिचा विचारच सोडा. बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणाऱ्या भागात, अशा डिझेल गाडीला दिवसाला ८ पौंड पडतात, आणि आपण आठवड्यातून एकदा तिथल्या कार्यालयात जाता.

आता पैशांकडे वळू. डीलरच्या योजनेत २,००० पौंड आगाऊ आणि ५,५०० पौंड १०.९ टक्के एपीआरने (वार्षिक व्याजदराने) चार वर्षांसाठी, म्हणजे महिना सुमारे १४१ पौंड आणि एकूण व्याज १,२४५ पौंडांच्या आसपास. सहा लाखांच्या ठेवीला मुदत संपायला पाच महिने आहेत. आज मोडल्यास व्याजदर एक टक्क्याने घटतो, असे आपण कळवले आहे. सरलेल्या ३१ महिन्यांवर हा फटका सुमारे १५,५०० रुपयांचा बसेल, शिवाय पुढील पाच महिन्यांचे व्याज बुडेल. म्हणून ठेव मोडू नये, पण चार वर्षांचे हप्तेही ओढू नयेत. येथील ९,००० पौंडांच्या बचतीतून ३,५०० द्या, म्हणजे जवळपास तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक राहील. उरलेल्या ४,००० पौंडांचे वैयक्तिक कर्ज बँकेकडून घ्या आणि ठेव हाती आली की ते फेडा. मुदतीआधी कर्ज फेडण्याचा हक्क येथे कायद्याने मिळतो. मात्र त्यासाठी किती शुल्क लागेल ते सही करण्यापूर्वी विचारा.

ठेवीचे व्याज करमुक्त आहे, हे आपले वाक्य अर्धेच खरे आहे. भारतात ते करमुक्त असते. सात वर्षे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्याला मात्र ते येथील उत्पन्नात दाखवावे लागते.

माझे मत असे, की त्याच किमतीत पेट्रोल इस्टेट शोधावी, भले ती एखादे वर्ष जुनी असो. वर्षाला १५,००० मैल आणि तेही मोटरवेवर झाले असते तर बचत ४१० पौंडांच्या घरात गेली असती आणि मी डिझेललाच होकार दिला असता. गाडी ठरली की नंबर टाकून एमओटीचा जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहावा आणि किमतीतला निदान थोडा भाग क्रेडिट कार्डाने भरावा, कारण मग गाडी सदोष निघाल्यास डीलरबरोबर कार्ड कंपनीही संपूर्ण किमतीला जबाबदार राहते.