इम्यून जीन्सवर पोस्टडॉक, सोबत सात वर्षांची मुलगी

ताई म्हणालास म्हणून अरे-तुरेच करते. सस्तन प्राण्यांच्या इम्यून जीन्सच्या (रोगांशी लढणाऱ्या जनुकांच्या) उत्क्रांतीवर परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळालीय, बायको आणि 7 वर्षांची मुलगी सोबत येतायत, काय तयारी करू असं विचारलंयस. व्हिसा, इन्शुरन्स वगैरे साइटवर सगळं आहे, ते सोडते.

एमएचसीला (रोगजंतूंचे तुकडे पेशीवर मांडून दाखवणाऱ्या प्रथिनांच्या जीन्सना) हात घालणार असशील तर अलाइनमेंट, म्हणजे निरनिराळ्या प्रजातींचे डीएनए क्रम एकाखाली एक लावलेली मांडणी, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ह्यूझ आणि नेई यांनी 1988 मध्ये दाखवलं की अँटिजेन, म्हणजे तो तुकडा, ज्या खाचेत बसतो नेमकं तिथेच अमिनो ॲसिड बदलणारी म्युटेशन्स मूक (अमिनो ॲसिड न बदलणाऱ्या) म्युटेशन्सपेक्षा जास्त टिकतात, आणि तेव्हापासून आपण सगळे तोच सिग्नल हुडकत फिरतोय. मलाही वटवाघळांत सापडला, झक्कास, चार महिने मी हवेत. निघालं काय, तर एका प्रजातीत दोन बेसची (डीएनएच्या अक्षरांची) गॅप भलत्या जागी आणि पुढचे पंधरा कोडॉन, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, कचरा. दुसरं, डुप्लिकेट जीन्स. विषाणूंना रोखणारी एपोबेक3 जीन्स माणसात सात आणि उंदरात एकच, तेव्हा कशाची तुलना कशाशी करतोयस हे आधी ठरव, नंतर कोडएमएल (हा सिग्नल शोधायचा प्रोग्रॅम) चालव.

सँपल्स नेणार असशील तर देव तुझं भलं करो. माझ्या परमिटवर वटवाघळाचं जुनं शास्त्रीय नाव, खोक्यावर नवीन, बस, तेवढ्यावर अडकलं. मी फोनवर गयावया करतेय आणि तिकडे ड्राय आइस उडून चाललाय. दोन्ही नावं लिहून घे सगळीकडे.

एकटेपणा? होतो, जातो, कामात कळत नाही.

शाळेचं मात्र अजून सलतं. माझी लेक तीन आठवडे वर्गात बोलली नाही म्हणून तिला एक इयत्ता खाली बसवलं, परीक्षा घेतली तीही तिला न येणाऱ्या भाषेत, आणि मी सही केली कारण फॉर्म नीट वाचलाच नव्हता. दुर्मिळ अलील (जीनचं वेगळं रूप) असणं फायद्याचं, रोगजंतू बहुसंख्यांना सरावलेले असतात, हे मी प्रत्येक ग्रँटमध्ये लिहिते, पण वर्गात एकट्या वेगळ्या पोरीला ते कुठल्या तोंडाने सांगणार होते? नवऱ्याला वाटतं मी उगाच उगाळत बसते. असेल.

पहिल्या दिवशी शाळेत तू स्वतः जा, काहीही असलं तरी. मी नव्हते गेले, लॅब मीटिंग होती, मला माझी नवी आकृती दाखवायची होती. तीच, गॅपवाली.