रविवारचं रजिस्टर

‘ताई, व्हीजेटीआयला सिव्हिल मिळतंय आणि नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. बाबा पंचवीस वर्षं साइट सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, सिव्हिलमध्ये आता राम राहिला नाही. मला त्यातलं थोडंफार कळतं. माझं अक्षर चांगलं म्हणून रविवारी बाबांचं क्यूब रजिस्टर मीच पूर्ण करते. आता तर आकडेही विचारावे लागत नाहीत. ऑप्शन फॉर्मला चार दिवस उरलेत. सिव्हिल घेऊ का?’
– लालबागची एक मुलगी

पोरी, तुझ्या दोन पानी पत्रात पॅकेजचा तक्ता आहे, मामेभावाचं मत आहे, आत्याचंही आहे. रजिस्टर एकाच वाक्यात उरकलंयस, तेही अक्षराच्या कौतुकापुरतं. मी तिथेच अडकले.

आकडे विचारावे लागत नाहीत म्हणजे काय गं? ओतलेल्या काँक्रीटमधूनच 150 मिलिमीटरचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरतात, पाण्यात ठेवतात आणि काँक्रीट किती भार पेलतं ते बघायला सातव्या नि अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली फोडतात. एम-30 दर्जाचं काँक्रीट असेल तर 28 दिवसांचा ठोकळा फुटेपर्यंत मशीनवर 675 किलोन्यूटनच्या आसपास तरी भार चढायला हवा. लालबागच्या तुमच्या खोलीत असलं मशीन नाही. मग जेवणं आटोपल्यावर तू रकान्यात भरतेस ते 690 नि 705 येतात कुठून?

बाबा कष्टाळू आहेत, मान्य. वरून साहेबाचा तगादा असेल, तोही मान्य. पण त्या स्लॅबखाली कुणीतरी पाळणा टांगणार आहे. आणि मला विचारशील तर, ‘राम राहिला नाही’ हे ते पगाराबद्दल म्हणत नसावेत.

पगार सुरुवातीला कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमीच मिळेल, आणि साइट पनवेलला की विरारला हे तुझ्या हातात नसेल. कामाला मात्र तोटा नाही. आरे ते कफ परेड 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो झाली, 21.8 किलोमीटरचा अटल सेतू झाला, आणि तुझ्या घराजवळ वरळी-नायगावला बीडीडी चाळींच्या जागी टॉवर चढतायत. तक्त्याचं एवढंच.

या रविवारी पेन उचलू नकोस. चालू साइटवर रोज कुठल्या ना कुठल्या क्यूबचा सातवा नाहीतर अठ्ठाविसावा दिवस असतोच. बाबांना सांग, मला न्या. ते का-कू करतील. तरी जा. मशीनशेजारी उभी राहा, ठोकळ्याचे कोपरे ढासळताना बघ, आणि दिसेल तोच आकडा तुझ्या त्या चांगल्या अक्षरात लिही. 560 आला तर 560.

बाबा शेजारी उभे असताना तो 560 लिहू शकलीस, तर त्याच संध्याकाळी व्हीजेटीआयचं सिव्हिल पहिल्या नंबरला टाक. हात अडखळला तर कॉम्प्युटर घे, आणि रजिस्टर बाबांना परत दे.