दोन नावांमधली रेघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहात हे वाचलं, आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग चष्मा लावून पुढचं वाचायला बसले. मुलीचं नाव 'मीरा-शांता' ठेवायचं तुझ्या मनात आहे, मध्ये आडवी रेघ देऊन. मीरा तुझ्या आवडीचं, शांता सासरच्या कुलदेवतेचं. 'बाई, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलंस म्हणून आडपडदा न ठेवता सांगते. नावं दोन्ही ठेव, रेघ ठेवू नकोस.

आपल्या भाषेत ही रेघ काय करते ते तू माझ्याच वर्गात शिकली आहेस. राम-लक्ष्मण, नल-दमयंती, विठ्ठल-रखुमाई. रेघ आली की माणसं दोन. तीच नावं जोडून लिहिली की माणूस एक होतो: सीताराम, रामकृष्ण, लक्ष्मीनारायण. विरामचिन्हं मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर कँडींच्या खटपटीने. नावाला नाव जोडायची आपली रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिला चिन्हाची गरज कधी पडली नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, आपले भाऊसाहेबच बघ, दयानंद बाळकृष्ण बांदोडकर. मुलाच्या नावात दया आणि आनंद, वडिलांच्या नावात बाळ आणि कृष्ण. सगळा गोवा ते नाव घेत आला, सांधा कुणाच्या जिभेला लागला नाही. तुमची कवळ्याची देवी तर याहून मोठा दाखला. शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध पेटलं, ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि ते शमवलं, अशी तिची कथा. दुर्गा म्हणजे रणातली, आणि तिलाच आपण शांता म्हणतो. शांतादुर्गा!

आता एक गोष्ट सांगते, ती मी अजून विसरलेले नाही. तुझ्यानंतर काही वर्षांनी माझ्या वर्गात एक मुलगी होती, असंच रेघेचं जोडनाव असलेली. नाव इथे लिहीत नाही. हजेरीपटावर ते मी एका तऱ्हेने लिहिलं होतं, जनरल रजिस्टरात दुसऱ्या तऱ्हेने होतं, आणि तिच्या वह्यांवर ती स्वतः नुसता पहिला अर्धा भाग लिहायची. स्नेहसंमेलनात तिला वक्तृत्वाचं बक्षीस होतं. यादी मी केली, रेघ घाईत स्वल्पविरामासारखी उतरली, आणि प्रमाणपत्रं दोन तयार झाली, एक पहिल्या नावाचं, एक दुसऱ्याचं. तिने दोन्ही घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आली, एक प्रमाणपत्र हळूच पुढे सरकवलं आणि म्हणाली, "बाई, हे दुसऱ्या मुलीचं असेल." स्वतःच्या नावाचा अर्धा भाग तिने मला परत आणून दिला. चूक माझी होती, पण वाट रेघेने करून दिली होती.

तू म्हणशील, मग रेघेऐवजी जागा सोडते. तेही नको. आपल्याकडे नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. 'मीरा शांता' असं सुटं लिहिलंस तर निम्मी माणसं शांता हे बापाच्या जागेवरचं नाव धरतील. रेघेचा म्हणून जो काही एक गुण आहे तो इथे आहे, दुसरा शब्दही मुलीच्याच नावाचा आहे हे ती दाखवते. एवढं तिच्या बाजूने बोलायलाच हवं. पण ती सगळीकडे टिकत नाही. पासपोर्टच्या खालच्या भागात यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, 44-44 खुणांच्या. तिथे आडव्या रेघेला स्थान नाही, तिच्या जागी रिकाम्या जागेसाठी वापरतात तेच कोनासारखं चिन्ह पडतं. विमानाच्या तिकिटावरही ती सहसा उतरत नाही. म्हणजे एका कागदावर रेघ, दुसऱ्यावर जागा, तिसऱ्यावर दोन्ही नावं चिकटलेली.

नावाचे असे तीन अवतार झाले की काय होतं, हे गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. माझ्या आजोबांचं नाव शंकर. पोर्तुगीज नोंदवहीत ते 'एक्स' अक्षराने सुरू होतं, कारण त्यांच्याकडे 'श' तसा लिहीत. गोवा मुक्तीनंतरच्या जमिनीच्या सर्वेत, फॉर्म 1 आणि 14 या उताऱ्यावर, तेच नाव 'एस'ने सुरू झालं. कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वाटणीची वेळ आली तेव्हा हे दोघे शंकर एकच, हे पटवून देण्यात माझी दोन वर्षं गेली. प्रतिज्ञापत्रं केली, साक्षीदार म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांना रिक्षाने नेलं, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेले. तिथे आजोबांच्या हातात काही नव्हतं, लिहिणाऱ्याने लिहिलं तसं झालं. तुझ्या हातात आहे.

शेजारच्या घरांकडे बघून तुला हे सुचलं असेल, तर तिथेही नीट बघ. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांत बाप्तिस्म्याला दोन-तीन नावं सहज देतात, एखादं संताचं, एखादं आजीचं. पण ती पोर्तुगीज वळणाने सुटी लिहितात. नावेलीचे फ्रान्सिस्को लुईस गोमिश, पोर्तुगालच्या संसदेत गेलेले, त्यांच्या दोन नावांत रेघ नाही. रेघेची सवय फ्रेंचांची, झां-झाक रूसोसारखी. त्यांच्याकडे ती दोन नावांचं एक नाव करते आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं.

खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती तुझ्या पत्रात ओळींच्या मधे दिसली. सासूबाईंना दुखवायचं नाही आणि स्वतःची आवड सोडायची नाही. दोन्ही इच्छा चांगल्या आहेत. पण हा तह तुमच्या दोघींचा, तो त्या पोरीने जन्मभर प्रत्येक फॉर्मवर का वाहायचा? आपल्या नामकरणाच्या विधीतच याला जागा आहे. देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम, अशी चार नावं शास्त्राने सांगितली आहेत, आणि लोकांत वापरायचं ते शेवटचं. शांता हे देवतानाम म्हणून ठेव. बारशाला ते पहिलं घ्या, सासूबाईंना घेऊ दे. देवीच्या ओटीच्या वेळी, पूजेत, घरात तिला शांता म्हणा. दाखल्यावर मीरा.

आणि उलटंही चालेल बरं का. दाखल्यावर शांता, तुझ्या तोंडी मीरा. मला स्वतःला शांता जास्त आवडतं. हल्ली हे नाव कानावर पडत नाही.

घाई मात्र करू नकोस. जन्माची नोंद 21 दिवसांत द्यायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी हा जन्मदाखलाच शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळ्याचा पाया आहे, आणि गोव्यात नाव बदलायचं तर 1990चा वेगळा कायदा, त्याच्या वेगळ्या फेऱ्या. म्हणून देवनागरीत आणि रोमन लिपीत नाव एका कागदावर स्वच्छ लिहून ने, आणि नोंद झाल्यावर तिथेच उभी राहून एकेक अक्षर वाच.

इतकं वाचूनही मन रेघेवरच असेल तर ठेव. मूल तुझं आहे, मी रागावणार नाही. पण त्याआधी एक कर. तिन्हीसांजेला घरापुढच्या बलकांवात उभी राहा आणि मागच्या कुळागरात खेळणाऱ्या मुलीला बोलवावं तशी मोठ्याने हाक मार. जे तोंडातून येईल ते मला कळव.

बारशाला मी येतेच आहे. पाळणा मी म्हणेन, आणि कानात 'कुर्र' करायला आत्येला दोन्ही नावं आधीच सांगून ठेव.

तुझ्या,
बाई