हातगाडीवर क्यूआर कोड आला, पण वही तशीच का राहिली?

प्रश्न: विकसनशील देशांतले छोटे, नोंदणी नसलेले व्यावसायिक डिजिटल तंत्रज्ञान नेमकं कसं स्वीकारतात? मी किराणा, टपरी, भाजीवाले यांच्यासाठी हिशेबाचं अ‍ॅप करायच्या विचारात आहे. क्यूआर कोड तर सगळ्यांकडे दिसतो, मग हिशेबाची अ‍ॅप्स ते का वापरत नाहीत?

उत्तर:

मी सांगली-मिरज भागात छोट्या दुकानदारांची हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो. माझ्याकडे किराणावाले, वेल्डिंगवाले, चहाचे गाडेवाले, घरी ब्लाऊज शिवणाऱ्या बायका असे सगळे येतात. बऱ्याच जणांकडे गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना नसतो, छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी नसते. कर्जासाठी बँकेने कागद मागितले की मग त्यांना माझा पत्ता सापडतो. तेव्हा मुख्यतः आमच्याकडचं रोजचं जे दिसतं, त्यावरूनच सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं एकत्र आली आहेत. पैसे घेणं हे एक आणि हिशेब ठेवणं हे दुसरं. पहिलं काम गिऱ्हाइकासमोर होतं. त्याने "फोनपे आहे का?" विचारलं आणि नाही म्हटलं, तर ते पुढच्या गाड्यावर जातं. म्हणून क्यूआर लावावाच लागतो. दुसरं काम रात्री दुकान बंद केल्यावरचं, घरातलं. तिथे अ‍ॅप वापर म्हणून कोणी मागे लागलेलं नसतं. उलट ते न वापरण्याची दुकानदाराकडे चांगली कारणं असतात, आणि ती अडाणीपणाची नसतात.

केंद्र सरकार असंघटित क्षेत्रातल्या उद्योगांची दरवर्षी पाहणी करतं. २०२३-२४ च्या पाहणीत धंद्यासाठी इंटरनेट वापरणाऱ्यांचं प्रमाण २६.७ टक्के निघालं, आदल्या वर्षी ते २१.१ टक्के होतं. क्यूआर 'सगळ्यांकडे' दिसतो तो आपण जातो त्या रस्त्यांवर, एवढं आधी ध्यानात घ्या.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि सगळं तिच्यामुळेच घडलं असं सांगायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. नोटबंदीत लावलेले स्टिकर नव्या नोटा हातात आल्यावर आमच्याकडे नुसते उन्हात विटत होते. फरक पडला तो पुढे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला द्यावं लागणारं शुल्क शून्य झालं. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने कंपन्यांना आपापले बंदिस्त क्यूआर सोडायला सांगितलं, त्यामुळे पुढे कुठलंही अ‍ॅप कुठलाही स्टिकर वाचू लागलं. मग करोना. आणि साउंडबॉक्स, म्हणजे पैसे जमा झाले की रक्कम बोलून सांगणारा छोटा डबा.

या साउंडबॉक्सचा तुम्ही नीट विचार करा, कारण अ‍ॅप करणाऱ्याने शिकावं असं सगळं त्यात आहे. मासे विकणारीचे हात ओले असतात, वडेवाल्याचे तेलकट. प्रत्येक वेळी फोन काढून मेसेज वाचायचा कोणी? त्यात बनावट अ‍ॅपवर हिरवी बरोबरची खूण दाखवून निघून जाणारेही भेटतात. पूर्वी मुलाचा नंबर जोडलेला असला की आई त्याला कॉलेजात फोन करायची, "आले का रे चाळीस?" साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, तो मराठीत रक्कम बोलतो, वाचता येण्याची गरज नाही. याचं महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडं पडतं आणि ज्यांच्याबद्दल 'हे लोक एक रुपया देणार नाहीत' असं म्हटलं जातं, तेच ते देतात. पैसे आले की नाही याची खात्री मिळते, तीही काही न शिकता.

आता याची दुसरी बाजू, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. रक्कम ऐकू येते आईला, जमा होते मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्यात. रोख होती तोवर दिवसाची कमाई तिच्या पिशवीत असायची, त्यातले थोडे ती बाजूला टाकायची, भिशीत भरायची. आता सकाळच्या मालासाठी तिला घरात पैसे मागावे लागतात. स्वतःचं जनधन खातं असतं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी पहिलं काम हेच सांगतो: खात्याला स्वतःचा नंबर लावा आणि क्यूआर त्या खात्याचा घ्या. स्मार्टफोन नसला तरी चालतं, पैसे घ्यायला खातं आणि स्टिकर पुरतो.

आलेले पैसे खात्यात राहतात का, हे पुढच्या साखळीवर ठरतं. भाजीवाल्याला पहाटे मार्केट यार्डात अडत्याला पैसे द्यायचे असतात, हमाली द्यायची असते, टेम्पोचं भाडं असतं. अडत्या यूपीआय घेत असेल तर खात्यातले पैसे तसेच पुढे जातात. नसेल तर एटीएम गाठावं लागतं. एकाच गल्लीत एक भाजीवाला पूर्ण यूपीआयवर आणि दुसरा "रोखच द्या" म्हणणारा दिसला, तर दोघांच्या शिक्षणात फरक शोधू नका. ते माल कुठून उचलतात ते विचारा.

आता तुमच्या अ‍ॅपकडे येतो. उधारीची वही बदलू बघणारी अ‍ॅप्स याआधी येऊन गेली आहेत, खाताबुक आणि ओकेक्रेडिट ही त्यातली मोठी नावं. काही दुकानदार ती खरंच वापरतात, विशेषतः ज्यांचं गिऱ्हाईक दुसरे दुकानदार आहेत असे. पण गावातल्या किराण्यात ती अडखळतात ती उधारीच्या स्वभावामुळे. आमच्याकडे उधारी महिन्याने फिटत नाही. दूधवाल्या घरांची ती दहा दिवसांच्या दूध बिलावर फिटते. ऊसवाल्यांची कारखान्याचं बिल निघाल्यावर. कायद्याने ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं, प्रत्यक्षात ते कधी निघेल यावर गावातली निम्मी उधारी लटकलेली असते. शेतमजुरांची शनिवारी किंवा बाजारच्या दिवशी. दुकानदाराला हे सगळं तोंडपाठ असतं. कुणाला कधी आठवण करायची, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून गप्प बसायचं, कुणाच्या बापाला सांगितलं की मुलगा देतो, हे वहीत कुठेच लिहिलेलं नसतं आणि तरी वही त्यावरच चालते.

अशा माणसाच्या नावाने अ‍ॅप आपलं आपण मेसेज पाठवतं, "तुमची १,८४० रुपये बाकी आहे, कृपया भरा." झालं! पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसापासून समोरच्या दुकानात. "आमच्यावर विश्वास नाही होय रे?" हे मी दुकानात उभा असताना ऐकलेलं आहे. आणि आकडा एका कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायची, थोडा सोडायची, राउंड करायची जी सोय वहीत आहे, ती अ‍ॅपमध्ये 'एंट्री एडिट' होते आणि त्याचाही मेसेज जातो.

मग हे लोक डिजिटल काही करत नाहीत का? भरपूर करतात, फक्त ज्याला आपण 'बिझनेस सॉफ्टवेअर' म्हणतो त्यात नाही. घरातली यादी अजून कागदावरच लिहिली जाते, तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानात जातो, दुकानदार फोन दांडीला टेकवून माल काढतो. साड्या विकणारी बाई स्टेटसला फोटो टाकते, "हवी असल्यास पर्सनलला या" म्हणते, आणि ज्याने पैशाचा स्क्रीनशॉट आधी पाठवला त्याची साडी. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी व्हॉइस मेसेजवर येतात. हिशेब विचारला की ती चॅट वर सरकवत जाते. तोच तिचा रोजमेळ. कागद, फोटो आणि आवाज यांची ही जोडणी कुणी शिकवली नाही, कुठल्या योजनेत ती नाही, आणि माझ्या मते छोट्या धंद्यातला सगळ्यात खरा डिजिटल बदल तोच आहे.

वही न सुटण्याचं दुसरं कारण भीती. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमा बघून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. वस्तूंच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख अशी नोंदणीची मर्यादा आहे, ती ओलांडली असं विभागाचं म्हणणं. बंगळुरूत दुकानांनी क्यूआर काढून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. मुख्यमंत्र्यांना बैठक घेऊन जुनी वसुली करणार नाही आणि भाजी, दूध, फळं अशा करमुक्त मालाच्या नोटिसा मागे घेऊ असं सांगावं लागलं. सांगली कर्नाटकाच्या सीमेला लागून. त्या आठवड्यात माझा फोन थांबत नव्हता. "काढू का स्टिकर?"

मी काढू नका म्हणालो, आणि आजही तेच सांगतो. मर्यादा एकूण विक्रीची असते, रोख धरून. स्टिकर काढल्याने विक्री कमी होत नाही. खरी अडचण अशी की एकाच बचत खात्यात गाड्याची विक्री, भावाने पाठवलेले पैसे, भिशीची उचल, बायकोच्या बचत गटाचा हप्ता असं सगळं येतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती सगळी विक्रीच दिसते. धंद्याचं खातं वेगळं केलं की निम्मी भीती जाते. शिवाय आयकरात छोट्या धंद्यांचं उत्पन्न विक्रीच्या ठराविक टक्क्यांनी धरायची योजना आहे (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडी), तिच्यात रोख विक्रीवर ८ टक्के उत्पन्न धरतात, बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. हे ऐकून माझ्यासमोर बसलेल्याचा चेहरा जरा सैल होतो. पण नोंद झाली की ती कुणीतरी वाचणार, हा धडा त्याने घेतलेला असतो, आणि तुमच्या अ‍ॅपकडे तो त्याच नजरेने बघणार.

नोंदीचा फायदा होतो तेव्हा मात्र तो ती आनंदाने देतो. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधीत पथविक्रेत्याला तारणाशिवाय आधी १० हजार, फेडले की २० हजार, मग ५० हजार मिळायचे. २०२५ मध्ये पहिले दोन टप्पे १५ आणि २५ हजार झाले. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सूट, डिजिटल व्यवहारांवर थोडा कॅशबॅक. कॅशबॅकपेक्षा पुढचं कर्ज मिळेल ही आशा जास्त काम करते. आणि रोज थोडं थोडं भरणं त्याला नवीन नाही. रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतोच. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये ही पद्धत काढली. हातातल्या छोट्या यंत्रातून पावती फाडून देणारा पिग्मीवाला बऱ्याच दुकानदारांनी क्यूआरच्या कितीतरी आधी पाहिलेला आहे. पेमेंट अ‍ॅप्स व्यापाऱ्याला कर्ज देऊन रोजच्या रोज हप्ता कापतात, ती याच सवयीवर चालतात. फरक इतकाच की पिग्मीवाल्याला "आज नको, उद्या ये" म्हणता येतं.

तुम्ही विकसनशील देश म्हणालात म्हणून केनियाचं थोडं. तिथे सफारीकॉम या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आणली. गावातलं छोटं दुकानच एजंट झालं, पैसे भरून-काढून देण्यावर त्याला कमिशन मिळू लागलं. म्हणजे तिथल्या दुकानदाराकडे तंत्रज्ञान उत्पन्न घेऊन आलं, आपल्याकडे गिऱ्हाइकाचा आग्रह म्हणून. आपल्या खेड्यांत अंगठा लावून पैसे काढून देणारा किराणावाला हा त्यातल्या त्यात जवळचा प्रकार. पुढे सफारीकॉमने 'पोची ला बियाशारा' नावाची सोय काढली, म्हणजे टपरीवाल्याचे धंद्याचे पैसे त्याच्या खाजगी पैशांपासून वेगळे राहतात आणि त्यासाठी दुकान नोंदवायला लागत नाही. आपल्याकडे अशी गोष्ट सहज मिळाली असती तर माझं निम्मं काम हलकं झालं असतं.

तुमचं अ‍ॅप करायचंच असेल तर उधारीला हात लावू नका. खर्चाची बाजू घ्या. कुणाकडून किती माल आणला, कुणाला किती द्यायचे, हे दुकानदारालाही आठवत नाही, आणि त्यात गिऱ्हाईक दुखावायचा प्रश्न येत नाही. घाऊक व्यापाऱ्याच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढला की रक्कम आणि तारीख आपोआप लागली पाहिजे. बोलून नोंद करता आली पाहिजे, तीही "शिंद्याकडून साखर दोन पोती, निम्मे दिले" अशा भाषेत. मेसेज बाहेर कुणालाही जाता कामा नये, आणि माहिती फोनमध्येच राहते हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. लॉगिनसाठी पॅन किंवा आधार मागितलंत तर तो तिथेच अ‍ॅप काढून टाकेल. पैसे घ्यायचे असतील तर वर्षाचे एकदम मागू नका, साउंडबॉक्ससारखे महिन्याला थोडे घ्या. आणि पहिली चाचणी मार्च अखेरीला किंवा दिवाळीच्या तोंडावर ठेवू नका, त्या दिवसांत तुमच्याशी बोलायलाही कुणी मोकळा नसेल.